खिशात मावणारा पण एकदम मंद होणारा टॉर्च कुठला घ्यावा?

अर्धी_झोप
मंडळी, एक छोटा टॉर्च घ्यायचाय. जोरात उजेड पाडणारे ढीगभर आहेत, मला नेमकं उलटं हवंय. रात्री बाळ उठतं, डायपर बदलायचा असतो, बाटली शोधायची असते, आणि फोनचा टॉर्च लावला की माझेच डोळे दिपतात, बाळ टक्क जागं होतं आणि मग पुढचा तासभर त्याची करमणूक करत बसा. फोनची नुसती स्क्रीन वापरून बघितली पण ती धरायला एक हात अडकतो शिवाय मेसेज दिसले की आपणच वाचत बसतो.
शोधायला गेले तर जाहिरातीत नुसते हजार लुमेन, दोन हजार लुमेन (टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप म्हणे). कमीत कमी किती ते कुणी लिहीतच नाही, लिहिलंच तर "लो – ३० लुमेन". ३० म्हणजे लो? मूनलाइट मोड, फायरफ्लाय मोड असं काहीतरी वाचलं, ते हेच का? किती लुमेनचा बघू? लाल उजेडाचा घेऊ की पांढरा? मला त्यातलं टेक्निकल काही कळत नाही तेव्हा जरा सोप्पं करून सांगा.

रातकिडा
हो हो, तेच ते. मूनलाइट, फायरफ्लाय, सबलुमेन ही सगळी एकाच भानगडीची नावं, कंपनीगणिक वेगळी. ढोबळमानाने १ लुमेनच्या खाली गेला की मूनलाइट म्हणतात पण काही जण ३-५ लुमेनलाही मूनलाइट म्हणून मोकळे होतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, आकडा बघा.
आता किती हवेत त्याचा अंदाज. स्वच्छ आकाशात पौर्णिमेचं चांदणं ०.२-०.३ लक्सच्या आसपास असतं. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन. म्हणजे ०.३ लुमेनचा टॉर्च घेऊन तो उजेड मीटरभर बाय मीटरभर जागेवर सारखा पसरवला की झाली पौर्णिमा. पाळण्यापुरतं तेवढं भरपूर आहे हो. ३० लुमेन त्या जागेवर म्हणजे शंभर पौर्णिमा, बाळ उठणारच.
माझा हिशोब असा, अर्धा लुमेन खोलीतून न धडपडता चालायला, ०.१ च्या आसपास बाळाजवळ, आणि ०.०१ ते ०.०५ वगैरे फक्त डोळे अंधाराला पूर्ण सरावले असतील तर.
जाता जाता, खोक्यावर "बीम डिस्टन्स १२० मीटर" लिहितात ना, ते पण चांदण्यावरच बेतलेलं आहे. एफएल१ म्हणून एक अमेरिकन स्टँडर्ड आहे २००९ पासूनचं, त्यात उजेड ०.२५ लक्सवर येईपर्यंतचं अंतर धरतात. म्हणजे १२० मीटरवरच्या झाडावर फक्त चांदण्याइतका उजेड उरलेला असतो आणि आपल्याला वाटतं झाड लख्ख दिसणार.

अर्धी_झोप
अय्या, हे भारीये. पण ०.१ म्हणजे लुमेनचा दहावा भाग. त्यात दिसतं का खरंच काही? की नुसतं टॉर्च लागलाय एवढं समाधान?

दुर्बीणवाला
दिसतं, पण कधी बघता त्यावर आहे सगळं. डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी, शंकुपेशी आणि दंडपेशी. शंकुपेशी रंग आणि बारकावे बघतात, अंधारात गेलं की आठदहा मिनिटांत त्यांचं जेवढं जमायचं तेवढं जमून जातं. दंडपेशींना मात्र २०-३० मिनिटं लागतात पण एकदा सरावल्या की त्यांना फारच कमी उजेड पुरतो. तुम्ही झोपेतून उठता तेव्हा डोळे कित्येक तास मिटलेलेच असतात म्हणजे सराव आधीच झालेला असतो. त्या वेळी ०.१ लुमेनमध्ये बाटली, झाकण, डायपरची चिकटपट्टी सगळं दिसतं.
म्हणूनच हे टॉर्च दुकानात किंवा संध्याकाळी दिव्याखाली लावून बघू नयेत. तिथे वाटतं हा बिघडलाय, लागतच नाहीये. खोक्यातून काढल्या काढल्या "मूनलाइट चालत नाही" म्हणून परत पाठवणारे लोक असतात ते याचमुळे.
रंगाचं म्हणाल तर मी लालच सांगेन. दंडपेशींना साधारण ६४० नॅनोमीटरच्या पुढचा लाल जवळजवळ दिसतच नाही त्यामुळे लाल उजेडात काम करून परत अंधारात बघितलं तरी सराव मोडत नाही. आकाश बघणारे सगळे लालच वापरतात.

रातपाळी
मी रात्रपाळी करते, वॉर्डात. लालला माझा ठाम विरोध. दुर्बीणवाले दादा, तुम्हाला बघायचेत तारे, यांना बघायचंय बाळ.
लाल उजेडात लाल रंग गायब होतो. डायपर रॅश आलीये का ते लाल टॉर्चने कळणार नाही, त्वचा सगळी एकसारखी दिसते. कुठे ओरखडा, थोडं रक्त, डास चावलेला, काही दिसत नाही. औषधाच्या बाटलीवर लाल अक्षरात काही छापलेलं असेल तर तेवढंच नेमकं पुसल्यासारखं दिसतं, आणि लाल अक्षरात सहसा महत्त्वाचंच असतं. मंद पण पांढराच घ्या, त्यातल्या त्यात पिवळसर, म्हणजे वॉर्म. आणि रंग नीट दाखवणारा घ्या, त्याला सीआरआय म्हणतात, ९० च्या वर बघायचा. साध्या एलईडीत ७० असतो, त्यात माणूस आजारीच दिसतो.
पेशंटच्या अंगावर टॉर्च न मारता भिंतीवर किंवा आपल्याच तळहातावर मारायचा आणि त्याच्या परावर्तित उजेडात काम करायचं, ही सवय लावून घ्या. मग उजेड अजून निम्म्याहून कमी होतो आणि डोळ्यात थेट ठिपका जात नाही.

दुर्बीणवाला
>> लाल अक्षरात काही छापलेलं असेल तर
हे मान्य. नकाशावरच्या लाल रेघा आम्हालाही दिसत नाहीत, म्हणून तारकानकाशे त्या हिशोबानेच छापतात. आणि एक भर घालतो, बाजारातले निम्मे लाल टॉर्च इतके भगभगीत असतात की लाल असून काही उपयोग नाही. भगभगीत लालपेक्षा अगदी मंद पांढरा बरा, एवढं मी आमच्या लोकांच्या शिव्या खाऊन म्हणतो. तारे बघायचे असतील तर मात्र लालच, आणि तोही मंद.

उगाच_एक
एवढा खल? फोनच्या टॉर्चवर टिश्यू पेपर चिकटवा, काम झालं. आमच्या वेळी कंदिलाची वात खाली करायचो.

रातकिडा
टिश्यूने उजेड पसरतो, कमी फारसा होत नाही. फोनचा टॉर्च काही डझन लुमेनचा असतो, त्याचं ०.१ करायचं म्हणजे शेकडो पटीने कमी करायचं, टिश्यूच्या किती घड्या घालणार? चिकटपट्टीवर काळं मार्कर फासून जमतं थोडंफार पण मग दिवसा तोच फोन टॉर्च म्हणून वापरायचा असेल तर सोलत बसा. बाकी वात खाली करायची कल्पना एकदम बरोबर आहे, आम्ही तेच बटणाने करायला बघतोय.

जुना_सेल
सेलबद्दल कुणी बोललं नाही अजून. माझ्या मते आधी सेल ठरवायचा आणि मग टॉर्च.
या कामाला एए, म्हणजे आपला पेन्सिल सेल. कुठेही मिळतो, आणि मंद उजेडाला ताकद लागतेच कितीशी. हिशोब करून बघा. रिचार्जेबल निकेलवाला एए १.२ व्होल्ट, साधारण २००० एमएएच, म्हणजे २.४ वॉट-तास. चांगला एलईडी एका वॉटमध्ये १०० लुमेन देतो असं धरलं तर ०.१ लुमेनला लागतो १ मिलिवॉट. म्हणजे २४०० तास. सलग १०० दिवस! हा कागदावरचा हिशोब झाला, आतलं सर्किट स्वतःच काही खातं, इतक्या कमी उजेडाला एलईडीपेक्षा सर्किटच जास्त खातं पुष्कळदा, त्यामुळे प्रत्यक्षात निम्मं किंवा त्याहून कमी मिळेल. तरी रात्री पंधरा मिनिटं वापर असेल तर चार्जिंगची आठवणसुद्धा राहणार नाही.
एएए त्याहून बारीक, साधारण ८०० एमएएच, टॉर्च अगदी पेनाएवढा होतो. मंद कामाला तोही पुरतो.
एकच पथ्य, साधे अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये घालून महिनोन्महिने विसरायचे नाहीत. गळतात, पांढरी पूड जमते, स्प्रिंग खाऊन टाकते. निकेलवाले रिचार्जेबल घाला नाहीतर ते १.५ व्होल्टचे लिथियम एए येतात, ते सहसा गळत नाहीत, हलके असतात आणि वर्षानुवर्षं पडून राहिले तरी चालतात.

गाभारा
१४५०० पण घालता येतो ना एएच्या जागी? आकार तोच असतो, लिथियम-आयन, ३.७ व्होल्ट. जोर जास्त मिळतो.

वायरमन
घालता येतो पण टॉर्च "एए/१४५००" दोन्हीसाठी आहे असं लिहिलेलं असेल तरच. नसेल तर बरोबर मंद मोडचाच बळी जातो. एलईडी पेटायला साधारण पावणेतीन-तीन व्होल्ट लागतात, एए देतो सव्वा ते दीड, म्हणून एएच्या टॉर्चमध्ये व्होल्टेज चढवणारं बूस्ट सर्किट असतं. ते फक्त चढवू शकतं, उतरवू शकत नाही. त्यात भरलेला १४५०० घातला, ४.२ व्होल्टचा, की करंट सरळ वाट काढून एलईडीत घुसतो आणि लो, मिडियम, हाय सगळे एकच होऊन जातात, म्हणजे सगळेच हाय. कधी सर्किटही जळतं.
आता आलोच आहे तर मंद मोडमधली खरी गोम सांगतो. उजेड कमी करायच्या दोन तऱ्हा. एक, करंटच कमी करायचा. दुसरी, एलईडी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करायचा, बंद जास्त वेळ आणि चालू कमी, म्हणजे डोळ्याला मंद वाटतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. स्वस्तात पडतं म्हणून सर्रास करतात आणि वेग कमी ठेवला तर मंद मोडमध्ये लुकलुक जाणवते, कुणाकुणाचं डोकं दुखतं. ओळखायची सोपी युक्ती, टॉर्च मंद मोडवर ठेवा आणि उजेडात बोटं पसरून हात जोरात हलवा. बोटं तुटक तुटक, एकावर एक रचल्यासारखी दिसली तर पीडब्ल्यूएम आहे, सलग पुसट दिसली तर नाही. फोनच्या कॅमेऱ्यात आडव्या पट्ट्या दिसल्या तरी तेच.
करंट कमी करणारे चांगले, पण त्यांचीही एक खोड, अगदी कमी करंटला काही एलईडी हिरवट पडतात. त्या बाबतीत निचिया कंपनीचे २१९बी, ५१९ए वगैरे एलईडी बरे, सीआरआय ९० च्या वर आणि कमी उजेडातही रंग सांभाळून. रातपाळीताईंना आवडतील.
आणि एकाच मॉडेलचे दोन टॉर्च मूनलाइटला सारखे नसतात. ३०० लुमेनमध्ये थोडा इकडेतिकडे फरक पडला तर कळत नाही, ०.१ ला तोच फरक दुप्पट-तिप्पट दिसतो. तीन-चार एलईडींचा टॉर्च असेल तर मूनलाइटला एखादा एलईडी जास्त पेटलेला आणि एखादा जेमतेम, असंही दिसतं. बिघाड नाही तो.

अर्धी_झोप
वायरमन, तुम्ही "सोप्पं करून" वाचलंच नाही वाटतं :) पण कळलं. पीडब्ल्यूएम नको, सीआरआय ९०, एए, वॉर्म, ०.१ च्या जवळपास. मग आता सगळ्यात कमी लुमेनचा जो असेल तो घ्यायचा, बरोबर?

रातकिडा
थांबा थांबा. आकड्यांच्या नादात मुख्य मुद्दा राहिलाय, आणि माझ्या दृष्टीने हाच एक मुद्दा आहे बाकी सगळं त्यानंतर. टॉर्च बंद असताना थेट मंदवर लागतो की नाही? ०.०१ लुमेन देणारा टॉर्च असेल पण तिथे पोचायला आधी हाय, मग मिडियम, मग लो असा जिना उतरावा लागत असेल तर तो तुमच्या कामाचा शून्य. एका सेकंदाच्या हायने तुमचा अर्ध्या तासाचा सराव गेला आणि बाळ उठलं, मग खाली मूनलाइट असला काय नसला काय.
पुष्कळ टॉर्चमध्ये "मेमरी" असते, म्हणजे शेवटी ज्या मोडवर बंद केला त्यावरच पुन्हा लागतो. जाहिरातीत ही सोय म्हणून लिहितात. तुमच्यासाठी हा सापळा आहे. संध्याकाळी कुणीतरी कपाटामागे पडलेलं काहीतरी शोधायला फुल्ल करून वापरला, तसाच बंद करून ठेवला, रात्री तुम्ही बटण दाबलं की तोंडावर ४०० लुमेन. माझ्याकडे असाच एक होता, कंपनीचं नाव घेत नाही, मंद मोड अप्रतिम, पण रात्री लावायच्या आधी तळहाताने तोंड झाकून मोड तपासावा लागायचा. देऊन टाकला.
म्हणून बटणाची तऱ्हा बघा. मागच्या बाजूचं टकटक बटण असेल तर दोन जाती. एक रिव्हर्स, पूर्ण दाबून सोडलं की लागतो आणि अर्धं दाबून मोड बदलतो. दुसरी फॉरवर्ड, अर्धं दाबलं की लगेच लागतो आणि सोडलं की विझतो. दोन्हीत पहिला मोड कुठला हे महत्त्वाचं. बाजूचं मऊ इलेक्ट्रॉनिक बटण असेल तर चांगल्या टॉर्चमध्ये बंद असताना *दाबून धरलं* की थेट मूनलाइट लागतो, मेमरी काहीही असो. ओलाइट, थ्रूनाइट या कंपन्यांच्या बऱ्याच बाजूच्या बटणवाल्यांत हीच पद्धत आहे. झेब्रालाइटमध्येही दाबून धरलं की लोपासून सुरू होतं, आणि ते ०.०१ लुमेनपर्यंत खाली जातात, पण तिथे छोटी क्लिक झाली तर थेट हाय. अर्धवट झोपेत बोट कसं पडेल त्याचा विचार करून घ्या.
तिसरी जात पिळायच्या टॉर्चची, म्हणजे डोकं फिरवलं की लागतो. थ्रूनाइटचा टीआय३ तसा, एएएवर चालतो, कंपनीच्या आकड्यानुसार फायरफ्लाय ०.०४ लुमेन आणि फिरवला की पहिला मोड तोच. मेमरी नाही, गोंधळ नाही. मला विचाराल तर डोळे मिटून हा.

रातपाळी
डोळे मिटून घ्या पण दोन हात मोकळे ठेवून! पिळायचा टॉर्च एका हाताने लावून बघा, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात डोकं धरून बाकीच्या बोटांनी धड फिरवायचं, जमतं पण सरावाने. कडेवर बाळ असेल तर नाहीच जमत, आणि पडला की आवाज. बटणवालाच हवा यांना.

अर्धी_झोप
हो, एक हात कायम अडकलेला असतो. बटणवालाच. तोंडात धरायचा प्रयत्न केला असता पण नको.

उगाच_एक
मग किचेनमधला इटुकला लाल-पांढरा टॉर्च येतो की, नाण्याएवढ्या सेलवर चालणारा. पाळण्याला अडकवून टाका, दाबलं की लागला. संपला विषय.

रातपाळी
नाही!! विषय संपत नाही, सुरू होतो. कृपया बाळाच्या आसपास नाण्यासारख्या सेलचं काहीही ठेवू नका. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतं, बाहेरून काही कळत नाही. त्या किचेनच्या टॉर्चचं झाकण कित्येकदा नखाने उघडतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब दवाखाना, वाट बघायची नाही. आणि पाळण्याला दोरीने काही अडकवणंही नको, गळ्याभोवती गुंतण्याची भीती असते.

उगाच_एक
हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. सूचना मागे.

गाभारा
अँडुरिलवाले टॉर्च सुचवले नाहीत कुणी? सोफर्न एसपी१० प्रो बघा. एए आणि १४५०० दोन्ही चालतात, बाजूला बटण, सीआरआय ९० चा एलईडी. अँडुरिल ही ओपन सोर्स प्रणाली आहे, उजेड पायऱ्यांनी नाही तर सलग कमीजास्त होतो आणि सगळ्यात खालचा उजेड किती हेही आपणच ठरवायचं.

वायरमन
+१, फक्त दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा त्यांना. अँडुरिलमध्ये बंद असताना बटण दाबून धरलं की सगळ्यात खालच्या उजेडावर लागतो, पण लागला की *लगेच सोडायचं*. धरून ठेवलं तर तो वर वर चढत जातो. दुसरं, बंद असताना पटकन दोनदा क्लिक झाली तर थेट वरचा टप्पा लागतो, आणि अर्धवट झोपेत दोनदा क्लिक होणं अगदी शक्य आहे. त्यावर उपाय आहे, सिंपल मोड नावाचा प्रकार असतो, त्याची वरची मर्यादा आपण कमी करून ठेवू शकतो, मग दोनदा काय दहादा दाबलं तरी त्याच्या वर जाणार नाही. एकदा घरातल्या टेक्निकल माणसाकडून मर्यादा लावून घ्या आणि विसरून जा.
खिशात किंवा डायपर बॅगेत टाकायचा असेल तर चार वेळा क्लिक करून लॉक करता येतो. आणि मजा म्हणजे लॉक असतानाही दाबून धरलं की तेवढ्यापुरता मूनलाइट लागतो, सोडलं की विझतो. माझा टॉर्च कायम लॉकच असतो, रात्रीचं सगळं काम त्या दाबून धरण्यातच होतं, चुकून मोठा उजेड लागायचा प्रश्नच नाही.

अर्धी_झोप
लॉकवाली गोष्ट फारच आवडली! म्हणजे लॉक करून ठेवायचा आणि दाबलं की मंद, सोडलं की बंद. पण मग काम संपेपर्यंत बोट दाबूनच ठेवायचं? डायपर बदलायला दोन्ही हात लागतात की.

वायरमन
तेव्हा उघडायचा. चार क्लिक करून लॉक काढला की आधी बंद होतो की चालू, ते प्रत्येक आवृत्तीत आणि सेटिंगमध्ये बदलू शकतं, दिवसा एकदा करून बघा. किंवा रात्री लॉक न करता सिंपल मोडमध्ये ठेवा, मर्यादा १० लुमेनच्या आत लावून. मग टॉर्च शेपटीवर उभा करून ठेवायचा, छताकडे तोंड करून. त्यासाठी मागचा भाग सपाट आहे ना ते घ्यायच्या आधी फोटोत बघून घ्या. छतावरून येणारा उजेड सगळीकडे सारखा पडतो, मधला भगभगीत ठिपका राहत नाही. छत उंच असेल तर ०.१ पुरणार नाही, तेव्हा एखादा लुमेन करा.

जुना_सेल
ठिपक्यावरून आठवलं, भिंगाच्या जागी आरसा असलेले टॉर्च जवळच्या कामाला त्रास देतात, मध्ये ठिपका आणि बाजूला अंधार. तो पसरवायला समोरच्या काचेवर दुधी फिल्म चिकटवायची, खिडकीच्या काचेला लावतात ती, गोल कापून. अगदी सोपं आहे आणि फरक जमीन-अस्मानाचा.
आणि कुणीतरी विचारेलच म्हणून, इलेक्ट्रॉनिक बटणवाला टॉर्च बंद असतानाही थेंबभर करंट खातो. चांगल्यात तो २० मायक्रोअँपच्या आसपास असला तर २००० एमएएचला अकरा वर्षं पुरेल, सेल आपला आपणच त्याआधी उतरेल. गचाळ सर्किट असेल आणि १ मिलिअँप खात असेल तर तीन महिन्यांच्या आत सेल रिकामा. न वापरता ठेवलेल्या टॉर्चचा सेल सारखा उतरत असेल तर हेच कारण, मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवायचं, म्हणजे सेलचा संपर्कच तुटतो.

नवा_पाहुणा
हा धागा वाचून आईसाठी घ्यायचा विचार करतोय, रात्री बाथरूमला उठते. तिलाही ०.१ च घेऊ का?

रातपाळी
वय झालेल्यांना नको. वयाबरोबर बाहुली लहान राहते, भिंग पिवळं पडतं, डोळ्यात उजेडच कमी पोचतो आणि अंधाराला सरावायलाही जास्त वेळ लागतो. ०.१ मध्ये उंबरठा दिसला नाही आणि पाय अडकला तर केवढ्याला पडेल. त्यांना १ ते ५ लुमेन, पिवळसर, आणि टॉर्चपेक्षा वाटेवर जमिनीलगत, माणूस आला की आपोआप लागणारा छोटा दिवा बरा. हातात टॉर्च धरून भिंतीचा आधार घेता येत नाही.

नवा_पाहुणा
धन्यवाद ताई, तसंच करतो.

अर्धी_झोप
चला, माझं ठरलं. एएवाला, अँडुरिल, सिंपल मोडमध्ये मर्यादा लावून, दुधी फिल्म चिकटवून. नवऱ्याला कामाला लावलंय, तो आता तुमच्यापेक्षा जास्त वाचत बसलाय आणि मला पीडब्ल्यूएम समजावून सांगतोय.
शेवटचं एकच. अंधारात हा टॉर्च सापडणार कसा? तो शोधायला परत फोन लावायचा म्हणजे...

दुर्बीणवाला
अंधारात चमकणारी टेप येते, ग्लो टेप, तिची बारीक पट्टी लावा. चांगल्यातली असेल तर दिवे बंद केल्यावर आधी जोरात चमकते, मग उतरत जाते पण सरावलेल्या डोळ्यांना पहाटेपर्यंत दिसते. फक्त तिला झोपायच्या आधी उजेड मिळायला हवा, दिवसभर ड्रॉवरमध्ये पडून राहिला तर चमकणार नाही. दुसरा प्रकार ट्रिटियम नावाचा किरणोत्सर्गी वायू भरलेल्या बारीक कांड्यांचा, त्यांना उजेड लागतच नाही, आपल्या आपण मिणमिणतात, पण काच असते आणि साधारण बारा वर्षांत तेज निम्म्यावर येतं. काही टॉर्चना बटणाखाली छोटा दिवा असतो तो कायम पेटता ठेवता येतो, मात्र अंधाऱ्या खोलीत तोच कधीकधी मूनलाइटपेक्षा जास्त उजेड पाडतो त्यामुळे सगळ्यात मंद ठेवायचा.

वायरमन
बाळाच्या हाती लागणार असेल तर ट्रिटियमची कांडी नको, टेपच. आणि पट्टी कुठेही लावू नका, बटणाच्या अगदी मागे त्याच रेषेत लावा, पूर्ण वेढा घालू नका. म्हणजे पट्टी वर दिसली की अंगठा सरळ बटणावरच जातो, चाचपडावं लागत नाही.

अर्धी_झोप
नोंद केली. टेप आणि फिल्म दोन्ही मागवते, टॉर्च आला की लॉकची चार क्लिक दिवसाच करून बघते आणि इथे लिहिते.